बरबटीच्या फुलातला पट्टेरी भुंगा

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात वलगाव येतं. गावाजवळून पेढी नदी वाहते. २० डिसेंबर १९५६ ला संत गाडगेबाबांनी इथेच, पेढीच्या काठी देह ठेवला, म्हणून वलगावचं नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपल्याला मात्र आज शेतात जायचंय. पोळा नुकताच झालाय, काळ्या जमिनीत ओल आहे, कपाशीला फुलं धरलीत, धुऱ्यावर अंबाडी उभी आहे आणि बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वेल फुलले आहेत.

उन्हं जरा वर आली की या फुलांपाशी वाकून बघा. एखाद्या पाकळीवर ठाण मांडून बसलेला भुंगा हमखास सापडेल. लांबी दोन-अडीच सेंटिमीटर. अंग काळं कुळकुळीत आणि पंखांवर केशरी-लाल रुंद पट्टे. डोकं रुंद, मान एकदम बारीक, आणि मग पुन्हा अंग रुंद. एरवी भुंग्याची पाठ टणक असते, पण याचे वरचे पंख मऊसर असतात. मिशा काळ्या, टोकाशी जाड होत गेलेल्या. तो पाकळीची कड धरतो आणि कुरतडत कुरतडत आत सरकतो. परागकणही खातो. फूल संपलं की सावकाश उडून दुसरं गाठतो. तुमची सावली अंगावर पडली तरी त्याला फारशी घाई नसते.

शेतात काम करणारी माणसं त्याला चांगली ओळखतात. फुलंच खाऊन टाकली तर शेंगा कुठून येणार? म्हणून शेतकऱ्याचा त्याच्यावर राग असतो. आणि लहान मुलं जवळ गेली की हाक येते, "पोट्टेहो, त्याले हात नोका लावू, फोड येतेत बाप्पा!"

ही हाक अगदी खरी आहे. या भुंग्याचं शास्त्रीय नाव मायलेब्रिस पुस्तुलाटा. काही शास्त्रज्ञ आता त्याला हायक्लियस म्हणतात. कृषी अधिकारी त्याला ब्लिस्टर बीटल म्हणतात, म्हणजे फोड आणणारा भुंगा. या कुळातले हजारो प्रकारचे भुंगे जगभर पसरलेले आहेत आणि त्यांच्या अंगात एक भारी विष असतं. त्याचं नाव कँथारिडीन. ज्या विषाने शेतकऱ्याच्या हातावर फोड येतो, तेच विष आज अमेरिकेत डॉक्टर लहान मुलांच्या कातडीवर मुद्दाम, मोजून मापून लावतात. कातडीच्या पेशी नको तिथे, नको तशा वाढायला लागल्या की तिथे या भुंग्याचं विष कामाला येतं. हे कसं, ते शोधायला माणसांना दोनशे वर्षं लागली, आणि ती गोष्ट मला फार आवडते.

आधी भुंग्याचं ऐका. कोणी त्याला चिमटीत धरलं की तो पाय आखडतो आणि पायांच्या सांध्यांतून पिवळसर थेंब बाहेर सोडतो. हे त्याचं रक्तच. कीटकांचं रक्त आपल्यासारखं लाल नसतं. त्या रक्तात कँथारिडीन असतं. १९७४ साली जेम्स कॅरल आणि थॉमस आयस्नर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं, की खाण्यात अगदी नावापुरतं कँथारिडीन असलं तरी शिकारी कीटक तोंड फिरवतात. भुंगा तुम्हाला बघून पळत का नाही, ते आता कळलं ना! पंखांवरचे भडक पट्टे लांबूनच बजावतात, की मला खाऊ नका, महागात पडेल.

मोठ्या भुंग्यांमध्ये हे विष मुख्यतः नर तयार करतो. मादीशी मीलन होताना तो आपल्याजवळचं विष तिला देऊन टाकतो आणि मादी ते आपल्या अंड्यांना देते. म्हणजे पिल्लांचं रक्षण बापाच्या विषाने होतं. दुसऱ्या कुळातला एक लालसर भुंगा तर त्याहून पुढे गेलाय. त्याला स्वतःला कँथारिडीन बनवता येत नाही. तो ते बाहेरून मिळवतो आणि थोडंसं आपल्या डोक्यावरच्या खाचेत ठेवतो. मादी येते, ती खाच चाटून बघते आणि विष आहे अशी खात्री पटली तरच नराला होकार देते. आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली हे सगळं पाहून लिहून ठेवलंय.

हे विष पचवणारेही कोणी आहेत का? आहेत, आणि त्यांतला एक आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य आहे. माळढोक टोळ-नाकतोडे खातो आणि हे पट्टेरी मायलेब्रिस भुंगेही खातो. त्याचा युरोपातला भाऊबंद स्पेनमध्ये राहतो. तोही असे विषारी भुंगे खातो, आणि मीलनाच्या दिवसांत नर ते मादीपेक्षा जास्त खातात. माद्रिदच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये असा विचार मांडला, की नर आपल्या पोटातले जंत आणि जंतू मारायला हे विष थोडं थोडं घेत असावेत. पक्षी औषध घेतो! हे पूर्ण सिद्ध व्हायचं आहे, पण विचार करण्याजोगं नक्कीच आहे.

आता शेतकऱ्याचा राग थोडा निवेल अशी एक बाब सांगतो. मादी जमिनीत अंडी घालते. त्यांतून लांब पायांच्या, चपळ अळ्या निघतात आणि जमिनीत शोध सुरू करतात. कशाचा शोध? टोळ-नाकतोड्यांच्या अंड्यांचा. नाकतोडे आपली अंडी जमिनीत पुंजक्याने घालतात. अळीला असा पुंजका सापडला की ती आत शिरते आणि अंडी खात सुटते. आता तिला धावायचं कारण उरत नाही, म्हणून कात टाकल्यावर तिचे पाय आखूड होतात, अंग फुगतं, आणि ती आधीची चपळ अळी हीच का, असा प्रश्न पडावा इतकी ती बदलते. पुढे आणखी एकदोन रूपं घेऊन मगच कोष आणि भुंगा. फ्रान्समधल्या जाँ आंरी फाब्र या कीटकवेड्या शिक्षकाने १८५७ साली या कुळातल्या भुंग्यांची ही एकामागून एक बदलणारी रूपं उलगडून दाखवली. तेव्हा आपला भुंगा मोठेपणी फुलं खातो खरा, पण लहानपणी पिकं फस्त करणाऱ्या नाकतोड्यांची अंडी संपवतो. शत्रू म्हणायचं की मित्र, हे तुम्हीच ठरवा. मला तरी त्याला नुसता शत्रू म्हणवत नाही.

चला, आता त्या थेंबाकडे वळू. तो हातावर पडला तर होतं काय?

स्वतःच्या मनगटाची आतली बाजू बघा. कातडीचा जो सगळ्यात वरचा थर आहे, तो बहुतेक ठिकाणी साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. एवढ्याशा जाडीत पेशींचे थरावर थर असतात. अगदी तळाच्या पेशी विभागत राहतात, म्हणजे एकीच्या दोन होतात. नव्या पेशी हळूहळू वर ढकलल्या जातात, चपट्या होतात, केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने भरतात, मरतात आणि शेवटी गळून पडतात. आंघोळीत अंग घासताना मळ निघतो ना, त्यात या मेलेल्या पेशी पुष्कळ असतात. तळापासून वर येऊन गळून पडेपर्यंत साधारण चार आठवडे जातात. खाली जितक्या नव्या पेशी होतात तितक्याच वर गळतात, म्हणून कातडीची जाडी कायम राहते.

या पेशी एकमेकींना धरून कशा राहतात? बाळाच्या झबल्याला टिचबटणं असतात, अर्धं एका पट्टीवर आणि अर्धं दुसऱ्या पट्टीवर, दाबलं की टच् करून बसणारी. दोन शेजारी पेशींमध्येही अशीच जोडणी असते. अर्धा भाग या पेशीचा, अर्धा त्या पेशीचा. तिला डेस्मोसोम म्हणतात. एकेका पेशीला असे कितीतरी डेस्मोसोम असतात, म्हणून आपण कातडी ओढली तरी ती फाटत नाही.

कँथारिडीन कातडीत शिरलं की पेशींमधले प्रथिनं तोडणारे पदार्थ मोकळे सुटतात आणि ही जोडणी सुटायला लागते. पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, मधे फट पडते, फटीत पाणी भरतं. हाच फोड. लगेच काही दिसत नाही. काही तासांनी कातडी लाल होते आणि एका दिवसात पाण्याने टम्म भरलेला फोड उभा राहतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही फट वरच्या थराच्या आतच पडते. तळाच्या विभागणाऱ्या पेशी आणि त्याखालची जाड कातडी शाबूत राहते. त्यामुळे आठवड्याभरात खालून नवी कातडी येते आणि सहसा वण राहत नाही, फार तर काही दिवस काळसर डाग दिसतो. पुढे डॉक्टरांना या विषाचा उपयोग करून घेता आला तो याच गुणामुळे.

वऱ्हाडातल्या मुलांना आता बिब्बा आठवला असेल. मेळघाटाच्या जंगलात बिब्ब्याची झाडं आहेत. बिब्ब्याचं काळं तेल अंगाला लागलं आणि पुरळ-फोड उठले की म्हणतात, बिब्बा उतला. फोड दोन्हीकडे येतो, पण आतली तऱ्हा वेगळी. बिब्बा उततो तेव्हा मुख्यतः आपल्याच शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा खवळते आणि आपल्याच कातडीवर चाल करून जाते. म्हणून एकाला बिब्बा खूप उततो आणि दुसऱ्याला तितका नाही. भुंग्याच्या विषाला कोणाला खवळवायची गरज पडत नाही. ते थेट पेशींवरच काम करतं, आणि कोणाच्याही कातडीवर करतं.

हे विष भुंग्यातून पहिल्यांदा वेगळं काढलं पिएर रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, १८१० साली. त्याच्याकडे होता युरोपातला हिरवा चमकदार भुंगा. त्याला लोक स्पॅनिश माशी म्हणत, जरी ती माशी नव्हती. रोबिकेने त्यातून पांढरे स्फटिक मिळवले आणि फोड याच स्फटिकांनी येतो हे दाखवलं. त्या काळी युरोपातले डॉक्टर वाळवलेल्या भुंग्यांच्या भुकटीचा लेप रोग्याच्या अंगाला लावून मुद्दाम फोड आणत. फोडाबरोबर आजार बाहेर पडतो, अशी तेव्हाची समजूत. ती चुकीची होती, आणि त्यापायी बिचाऱ्या रोग्यांना बराच त्रास सोसावा लागला. भारतातल्या भुंग्यांकडेही त्यांचं लक्ष गेलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस थॉमस हार्डविक या लष्करी अधिकाऱ्याने कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथात लिहिलं, की बंगाल, बिहार आणि अवधमध्ये असाच एक भुंगा मिळतो आणि स्पॅनिश माशीचे सगळे गुण त्यात आहेत. आपल्या युनानी हकिमांना तर तो आधीपासून माहीत होता. ते त्याला तेलिनी मक्खी म्हणत.

फोड येतो हे सगळ्यांना माहीत होतं. पण पेशीत शिरल्यावर कँथारिडीन नेमकं कोणाला धरतं? याचं उत्तर मिळायला १९९२ साल उजाडलं.

पेशीच्या आत हजारो प्रथिनं आपापली कामं करत असतात. कधी काम सुरू करायचं आणि कधी थांबायचं, हे त्यांना कळायला हवं. त्यासाठी पेशीत एक सुरेख सोय आहे. प्रथिनाला फॉस्फेटचा एक छोटा तुकडा चिकटवला की त्याचं वागणं बदलतं आणि काढून घेतला की ते पूर्ववत होतं. तुकडा चिकटवणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात, काढून घेणाऱ्यांना फॉस्फेटेज. हे चिकटवणं आणि काढणं आत्ता, तुम्ही हे वाचत असताना, तुमच्या प्रत्येक जिवंत पेशीत चालू आहे. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात योंग-मेई ली आणि जॉन कॅसिडा यांनी उंदराच्या यकृतात शोध घेतला, की कँथारिडीन कोणत्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. ते निघालं प्रोटीन फॉस्फेटेज २ए, म्हणजे फॉस्फेट काढून घेणारं एक अतिशय महत्त्वाचं विकर. कँथारिडीन त्याला चिकटून बसलं की ते विकर ठप्प. मग चिकटलेले फॉस्फेट निघतच नाहीत. पेशींची जोडणी बिघडते, पेशी विभागायला लागली तर मधेच अडकते, आणि विष जास्त असेल तर मरते.

आता आपण कातडीच्या बेशिस्त वाढीकडे येऊ. खाली जितक्या पेशी होतात तितक्याच वर गळतात, हा हिशेब मी मघाशी सांगितला. तो कधी कधी चुकतो. सोरायसिस या आजारात चार आठवड्यांचा प्रवास पेशी अवघ्या काही दिवसांत उरकतात. अर्धवट तयार झालेल्या पेशींचे थर साचतात, कातडी लाल आणि जाड होते, पांढऱ्या खपल्या पडतात. सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही, हे तुमच्या वर्गातल्या प्रत्येकाला सांगा, कारण या गैरसमजापायी पुष्कळ मुलं एकटी पडतात. विषाणूमुळे येणाऱ्या चामखिळीचं कारण वेगळं. तिथे विषाणू पेशीत शिरून तिला वाढत राहायला लावतो. गावाकडे चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधायची पद्धत आहे. तुम्ही तसं करू नका, जखम चिघळू शकते. तिसरा आजार मोलस्कम. देवी रोगाच्या विषाणूच्या कुळातलाच एक सौम्य विषाणू तो आणतो. अंगावर मोत्याएवढे चकचकीत पुटके येतात आणि प्रत्येकाच्या मधोमध एक बारीक खळगा असतो. हा त्रास मुलांनाच जास्त होतो, आणि एकाचा टॉवेल दुसऱ्याने वापरला तरी पसरतो. बहुतेक वेळा तो आपोआप जातो, पण त्याला काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही लागतात.

डॉक्टरांना सुचलं ते असं: चामखीळ आणि मोलस्कम वरच्या थरात असतात, भुंग्याचं विषही वरचाच थर सुटा करतं आणि वण ठेवत नाही. मग त्या वाढलेल्या पेशी फोडाबरोबर उचलून का टाकू नयेत? १९५८ साली एपस्टाइन आणि क्लिगमन या अमेरिकी डॉक्टरांनी चामखिळीवर कँथारिडीन वापरल्याचं प्रसिद्ध केलं. चार वर्षांनी तिथे कायदा बदलला. औषध खरंच काम करतं याचा पुरावा कंपन्यांनी द्यावा, असं सरकारने सांगितलं. कँथारिडीनचा पुरावा कोणी दिला नाही, म्हणून त्याची मान्यता गेली. तरीही अनेक त्वचारोगतज्ज्ञ ते वापरत राहिले, पण प्रत्येक ठिकाणचं मिश्रण वेगळं, ताकद वेगळी. मला सरकारचं म्हणणं पटतं. कितीही जुनं औषध असलं तरी त्याची परीक्षा व्हायलाच हवी.

ती परीक्षा अखेर झाली. मोलस्कम झालेल्या ५२८ जणांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. काहींना ०.७ टक्के कँथारिडीनचं द्रावण लावलं, काहींना विष नसलेलं नुसतं द्रावण. कोणाला काय लावलंय हे रोग्यांना माहीत नव्हतं. बारा आठवड्यांनी मोजणी झाली. कँथारिडीन लावलेल्यांपैकी एका चाचणीत ४६ टक्के आणि दुसरीत ५४ टक्के जणांचे सगळे पुटके गेले होते. नुसतं द्रावण लावलेल्यांत हेच प्रमाण १८ आणि १३ टक्के होतं. फरक उघड दिसतो. पण हेही दिसतं, की औषध लावूनही जवळजवळ अर्ध्या जणांचे सगळे पुटके त्या मुदतीत गेले नव्हते. जादू नाही, औषध आहे. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन वर्षांवरच्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी त्याला मान्यता दिली.

या औषधातल्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. एक म्हणजे त्यात जांभळा रंग घातलाय, कुठल्या पुटक्यावर औषध लागलं आणि कुठला राहिला, हे डॉक्टरांना लगेच दिसावं म्हणून. दुसरी, त्यात एक भयंकर कडू पदार्थ घातलाय. लहान मूल हात तोंडात घालणारच, पण कडू लागलं की थुंकून टाकेल! औषध डॉक्टर किंवा नर्सच लावतात, एकेका पुटक्यावर नेमकं, आणि २४ तासांनी ते साबण-पाण्याने धुवायचं असतं. घरी नेऊन लावायचं हे औषधच नाही.

इथे गोष्ट संपली असती तर सोपी झाली असती. पण १९७२ साली नॉर्वेमध्ये लेरुम आणि इव्हर्सन या शास्त्रज्ञांनी वेगळंच काही पाहिलं होतं. त्यांनी केस नसलेल्या जातीच्या उंदरांच्या कातडीवर कँथारिडीन पुन्हा पुन्हा लावलं. काही उंदरांच्या कातडीवर गाठी उठल्या. म्हणजे पेशींची बेशिस्त वाढ घालवणाऱ्या विषाने तिथे बेशिस्त वाढ उभी केली! पुढे १९८८ च्या सुमाराला जपानी शास्त्रज्ञांना समुद्रातल्या ओकाडाइक आम्लाबद्दल असंच आढळलं. आधी दुसऱ्या रसायनाने बिघडवलेल्या उंदरांच्या कातडीवर ते लावत राहिलं की गाठी वाढतात. तेही भुंग्याच्या विषाप्रमाणे फॉस्फेटेज २ए लाच अडवतं.

हे कोडं कसं सोडवायचं? जरा आठवा, फॉस्फेटेज २ए ची कामं पुष्कळ आहेत. त्यांतलं एक मोठं काम म्हणजे वाढीला आवर घालणं, 'पुरे, आता थांब' असं पेशीला कळवणं. ते विकर भरपूर विषाने एकदम ठप्प केलं तर पेशीचा सगळाच कारभार कोलमडतो आणि ती मरते. पण विष बराच काळ, परत परत येत राहिलं तर पेशी मरत नाही, तिच्यावरचा आवर मात्र सुटतो, आणि आधीच थोडी बिघडलेली पेशी वाढत सुटू शकते. एकच पदार्थ, एकच विकर. किती, किती वेळा आणि कोणत्या पेशीवर, यावर सगळं अवलंबून. म्हणूनच ते औषध पुटक्यापुरतं लावतात, दुसऱ्या दिवशी धुतात, पुढची पाळी तीन आठवड्यांनी घेतात. उंदरांवरचे हे निकाल कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही तपासले. माणसाबाबत निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, अशा गटात तिने कँथारिडीन ठेवलंय.

कर्करोगाच्या पेशींवरही अभ्यास चालू आहेत. प्रयोगशाळेतल्या बशीत कँथारिडीन अनेक तऱ्हेच्या कर्करोगी पेशी मारतं. आसाममधल्या कार्बी समाजात हे भुंगे औषध म्हणून वापरायची रीत आहे. तिच्यावरून सुचून शिलाँगच्या नॉर्थ ईस्टर्न हिल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी उंदरांमधल्या गाठींवर त्याचे प्रयोग केले. पण बशीतून माणसाच्या पोटात जायची वाट फार लांब आहे. कँथारिडीन रक्तात गेलं की मूत्रपिंडांतून बाहेर पडतं आणि जाता जाता त्यांना पोळतं. थोडेसे मिलिग्रॅमही माणसाच्या जिवावर बेततात. अमेरिकेत चाऱ्याच्या लसूणघासात असे भुंगे चिरडून मिसळले आणि तो चारा खाऊन घोडे मेले, असं अनेकदा घडलंय. म्हणून शास्त्रज्ञांनी थोडा फेरफार केलेला रेणू घेतला, नॉरकँथारिडीन. त्यात दोन मिथाइल गट कमी आहेत आणि मूत्रपिंडांना त्रासही कमी होतो. चीनमध्ये ते यकृताच्या कर्करोगावर वापरतात.

तेव्हा कोणी म्हणालं, भुंगा औषधी आहे, लेप लाव किंवा भुकटी घे, तर सरळ नाही म्हणायचं. भुंगा अंगावर बसला तर त्याला चापट मारायची नाही, चिरडला की विष कातडीत जिरतं. फुंकर घाला किंवा कागदाच्या कडेने अलगद बाजूला करा. थेंब लागलाच तर ती जागा लगेच साबण-पाण्याने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. फोड आला तर फोडू नका, घरात सांगा. डोळ्यात गेलं किंवा चुकून तोंडात गेलं तर एक मिनिट न दवडता दवाखाना गाठा. लांबून मात्र खुशाल बघा. कोणत्या फुलावर जास्त बसतो, भेंडीच्या की अंबाडीच्या? सकाळी जास्त दिसतो की दुपारी? वहीत लिहून ठेवा.

आणि शाळेत रसायनशास्त्र शिकायला लागाल तेव्हा हेही आठवा. कँथारिडीनच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ४ अणू असतात, बस्स. एवढासा रेणू, पण प्रयोगशाळेत बनवायला भलता अवघड. ऑटो डील्स आणि कुर्ट आल्डर या जर्मन शास्त्रज्ञांनी, ज्यांना १९५० साली नोबेल मिळालं, त्यांनी नॉरकँथारिडीन सहज बनवलं. तीच युक्ती कँथारिडीनला लावली, तर ती चालेचना. ते दोन जादा मिथाइल गट आडवे येत होते. १९५१ मध्ये गिल्बर्ट स्टॉर्क यांनी लांबच्या वाटेने, अनेक पायऱ्या चढून ते बनवलं. आखूड वाट सापडायला १९८० उजाडलं, आणि तेव्हा विल्यम डॉबेन यांना आपल्याभोवतीच्या हवेच्या सुमारे १५,००० पट दाब द्यावा लागला. भुंग्याला असल्या दाबाची गरज नाही. फुलं खाऊन, शेतातल्या साध्या उन्हात तो हा रेणू बनवतो. फार्नेसॉल नावाच्या १५ कार्बनच्या रेणूपासून तो सुरुवात करतो आणि वाटेत पाच कार्बन गाळतो, एवढं शास्त्रज्ञांना समजलंय. ते पाच कोणत्या विकरांच्या मदतीने आणि कोणत्या क्रमाने गाळतो, हे शोधायचं काम अजून चालू आहे.